आधाराचा दांडा

आज मला तुमच्याशी एका साध्या दांड्याविषयी बोलायचं आहे. कमरेच्या उंचीवर आडवा लावलेला, हाताने धरून व्यायाम करायचा दांडा. बॅले हा युरोपी नृत्यप्रकार शिकणारी मुलं भिंतीलगतच्या अशाच दांड्याला हात लावून तासन्‌तास पायांचा सराव करतात. फ्रेंच भाषेत त्याला 'बार' म्हणतात. तुम्ही म्हणाल, कुठे पॅरिस आणि कुठे धडगाव! पण मोबाइल आता सातपुड्यातही पोचला आहे. त्यावर 'बार वर्कआउट'ची चित्रफीत बघून "मॅडम, घरी असा बार घ्यायचाय, कोणता घेऊ?" असं विचारणारे मला धडगावातही भेटतात. कधी नोकरीनिमित्त तिथं राहणाऱ्या शिक्षिका, कधी नर्सताई, तर कधी पाड्यावरून आजीला घेऊन आलेला कॉलेजचा मुलगा.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगाव ज्याचं मुख्य ठिकाण आहे त्या तालुक्यात, कामानिमित्त माझं नेमाने जाणं असतं. या प्रश्नाचं मला हसू येत नाही. उलट, डोंगराळ भागात हा प्रश्न शहरापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. कारण सांगते. पुण्या-मुंबईत लकवा झालेल्या माणसाला रोज व्यायामासाठी जवळच्या केंद्रावर नेता येतं, नाहीतर थेरपिस्ट घरी येतो. धडगावच्या पाड्यावरून नंदुरबारला रोज जाणं-येणं कुणाला जमेल? चांदसैलीचा घाट उतरायचा आणि पुन्हा चढायचा. पावसाळ्यात तर तो घाट कधी दरड कोसळून बंद होईल याचा भरवसा नाही. म्हणजे व्यायाम व्हायचा असेल तर तो घरीच व्हायला हवा, आणि घरी व्हायचा तर धरायला काहीतरी खात्रीचं हवं. खाटेचा गाता, दाराची कडी, प्लॅस्टिकची खुर्ची धरून व्यायाम करणारी माणसं मी पाहिली आहेत. खुर्ची सरकते, कडी उचकटते, आणि जे टाळायचं तेच घडतं. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की माणूस किती महिने अंथरुणाला खिळतो, हे ज्यांच्या घरी घडलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

गंमत अशी की हा बॅलेचा दांडा घरच्या व्यायामात आला तोच मुळी दुखण्यातून. लोटे बेर्क नावाची एक नर्तकी होती. जर्मनीत कोलोनला जन्मलेली. नाझींच्या छळामुळे देश सोडून ती लंडनला आली. तिच्या पाठीला दुखापत झाली, तेव्हा बॅलेचा सराव आणि दुखापतीनंतर करायचे व्यायाम यांची सांगड घालून तिने स्वतःपुरती एक पद्धत बसवली आणि १९५९ साली लंडनमध्ये त्याचा वर्ग काढला. १९७० नंतर ती पद्धत अमेरिकेत गेली आणि पुढे जगभर तिचा व्यवसाय झाला. आपल्याकडे बॅले म्हटलं की बड्या घरच्या मुलींचं काम, असा समज होता. २०२० साली आलेल्या सूनी तारापोरवाला यांच्या 'ये बॅले' या चित्रपटाने मुंबईच्या वस्तीतली मुलंही हा नाच शिकतात हे घरोघर दाखवलं. पण मला त्यातला नाच बाजूला ठेवून दांड्याकडे यायचं आहे.

दांडा निवडताना पहिला प्रश्न लाकूड की लोखंड, हा नाही. पहिला प्रश्न असा, की तुम्ही त्याला हात टेकणार आहात की त्याच्यावर अंग टाकणार आहात? बॅले शिकणारी मुलगी दांड्याला नुसती बोटं लावते. तिचे गुरू तिला सारखे बजावतात, की दांडा आवळू नकोस, त्यावर रेलू नकोस. तिच्यासाठी दांडा म्हणजे तोल सांभाळायची एक आठवण. लकवा झालेला माणूस, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई किंवा सत्तरीचे आजोबा मात्र तोल गेला की पूर्ण वजनानिशी दांड्याला लोंबकळणार. दोघांच्या दांड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाजारात ऑनलाइन मिळणारे बहुतेक दांडे पहिल्या प्रकारच्या माणसासाठी केलेले असतात, आणि ते घेणारी बरीच माणसं दुसऱ्या प्रकारची असतात.

ऑनलाइन मिळतो तो दांडा बहुधा सुटा असतो. दोन पाय, त्यांवर आडवी नळी, खाली पसरट तळ. घडी करून पलंगाखाली जातो. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'वजनाला हलका'. श्रोतेहो, इथे हलकेपणा हा गुण नाही, तो दोष आहे. एक हिशेब करून बघू. समजा, स्टँडचं वजन ९ किलो आहे, तळ पुढून मागे ५० सेंटिमीटर आहे आणि दांडा जमिनीपासून १ मीटर उंच आहे. हा स्टँड आडवा ओढला तर किती जोराने कलंडेल? तळाचा अर्धा भाग २५ सेंटिमीटर, उंची १०० सेंटिमीटर. म्हणजे वजनाच्या एक चतुर्थांश, सव्वादोन किलो! सव्वादोन किलोचा ओढा म्हणजे काहीच नाही. घागर उचलणाऱ्या बाईच्या हाताला तो जाणवणारही नाही. पाकिटावर 'शंभर किलो पेलतो' असं लिहिलेलं असतं ते खोटं नसेलही, पण ते वजन सरळ खाली ठेवलं तरचं असतं. पडणारा माणूस सरळ खाली पडत नाही, तो दांडा आपल्याकडे ओढत पडतो. तळावर दोन्ही बाजूंना मिळून २० किलो वाळूच्या पिशव्या ठेवल्या तर हाच स्टँड सव्वासात किलोपर्यंत टिकतो. तरुण, धडधाकट माणसाला बोटं टेकायला तेवढं पुरे. तोल जाणाऱ्या माणसाला नाही. माझं स्पष्ट मत आहे, की ज्याला पडण्याची भीती आहे त्याने सुटा दांडा घेऊच नये, कितीही भारी असला तरी.

हे शहाणपण आपल्याला नवं नाही. मल्लखांब बघा. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला हा व्यायाम. सागाचा किंवा शिसवीचा खांब, आणि तो जमिनीत पुरलेला. आखाड्यात कुणी तो नुसता उभा करून ठेवला नाही. माणसाचं अंग झेलायचं तर लाकडाला जमिनीची पकड हवी, हे वस्तादांना हिशेब न मांडताही ठाऊक होतं.

मग भिंतीला लावायचा दांडा? पक्क्या घरात तो सगळ्यांत उत्तम. पण भिंत कसली आहे ते आधी बघा. धडगाव गावात आता विटांची आणि सिमेंटची घरं पुष्कळ आहेत. नऊ इंची विटेची भिंत असेल तर काळजी नाही. गिलाव्याचा थर पार करून स्क्रू विटेत किमान दोन इंच शिरला पाहिजे. नुसता गिलाव्यात बसलेला स्क्रू कॅलेंडर टांगायला ठीक, माणूस टांगायला नाही. साडेचार इंची भिंत असेल तर आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी द्यावी. हलक्या पांढऱ्या सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत असेल तर साधी गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी ठोकतात तो प्लॅस्टिकचा प्लग, तिच्यात धरत नाही, काही दिवसांत हलू लागते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एका शिक्षिकेला घरमालकाने भिंतीला भोकं पाडायला ठाम नकार दिला. त्यांना मी दाराची चौकट दाखवली. चौकट सागाची होती, भिंतीत पक्की बसवलेली. दोन्ही उभ्या बाजूंना आतून लाकडी ठोकळे स्क्रूने बसवले, त्यांना वरून खाचा दिल्या, आणि खाचांत जाडजूड दांडा. व्यायाम झाला की दांडा उचलून कोपऱ्यात. जाताना स्क्रूची चार बारीक भोकं मेणाने बुजवली की मालकाला काही म्हणायला जागा नाही.

आता नळीची जाडी. इथे पुष्कळांची फसगत होते, म्हणून नीट ऐका. हातात सुखाने बसणारा दांडा साधारण ३८ ते ४५ मिलिमीटर व्यासाचा असतो. अपंगांना सोयीच्या इमारतींसाठी केंद्र सरकारची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यांतही हात धरण्याच्या कठड्यासाठी हेच माप दिलेलं आहे. आपण दुकानात जाऊन दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर असा हिशेब करून दीड इंची जीआय पाइप मागतो. पण पाण्याच्या लोखंडी पाइपचं माप ढोबळमानाने आतल्या पोकळीचं असतं. दीड इंची पाइप बाहेरून जवळजवळ ४८ मिलिमीटर भरतो. बायकांच्या, म्हाताऱ्या माणसांच्या मुठीत तो मावत नाही. एक इंची पाइप बाहेरून ३३-३४ मिलिमीटर, तो जरा बारीक. सव्वा इंची पाइप बाहेरून ४२ मिलिमीटर, तो नेमका. तेव्हा दुकानदाराकडे सव्वा इंची मागा आणि तरीही एकदा मुठीत धरून बघा. अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना भेटायला आलं पाहिजे. प्लॅस्टिकचा पीव्हीसी पाइप मात्र नको. तो वाकतो, उन्हात कडक होऊन तडकतो, आणि घामाच्या हाताला निसरडा लागतो. भिंत आणि दांडा यांत दोन इंच मोकळी जागा ठेवा, नाहीतर बोटं सोलवटतात.

लाकडाचा दांडा मला व्यक्तिशः सगळ्यांत आवडतो. हिवाळ्यात धडगावची पहाट चांगलीच गार असते, तेव्हा लोखंड हाताला डसतं, लाकूड नाही. साग असेल तर उत्तमच. त्याला चकचकीत व्हार्निश देऊ नका, घामाने घसरतं. रंधा मारून, पॉलिश पेपरने घासून जवसाच्या तेलाचे दोन हात दिले की झालं.

आणि बांबू? धडगावात बसून बांबूचा विचार करायचा नाही तर कुठे करायचा! होळीला जिथे उंच बांबू उभा करून त्याभोवती रात्रभर नाच चालतो, त्या सातपुड्यात बांबू म्हणजे नुसतं लाकूड नाही. शिवाय पाड्यावरच्या घरांना विटांच्या भिंती नसतात, कूड असतो. बांबूच्या काड्या विणून त्यावर माती-शेणाचा लेप. त्या कुडाला कुणी दांडा ठोकू म्हणेल तर कूडच हातात येईल. पण या घरांत दुसरी एक भक्कम गोष्ट असते, मेढ. वर बेचकं असलेला, जमिनीत पुरलेला खांब. अख्खं छप्पर तोलून धरतो तो. माझ्या दृष्टीने या घरांत दांड्यासाठी भिंतीची गरजच नाही.

एका पाड्यावर साठीच्या पुढच्या एक आजी होत्या. डावं अंग लुळं पडलं होतं. दवाखान्यातून घरी आल्यावर दोन महिने खाटेवरच. नातू कॉलेजात शिकणारा, त्याने मोबाइलवर पाहून सुटा स्टँड मागवायचं ठरवलं होतं. पैसेही साठवले होते. मी त्याला म्हटलं, "अरे, पैसे राहू दे. तुझ्या घरामागे बांबू आहे, आजोबांना मेढ कशी पुरतात ते ठाऊक आहे. आपण इथंच करू." आजोबांना मी काय हवं ते हाताने दाखवलं. त्यांनी मला फारसं बोलू दिलं नाही. त्यांनी चार बेचकी खांब निवडले, दोन-दोन फूट खोल खड्डे घेतले, खांबांची पुरायची टोकं वाळवी लागू नये म्हणून जाळून काळी केली. बेचक्यांत दोन बांबू आडवे, समांतर. वजन दोरीवर न येता बेचक्यावर येतं, ही त्यातली खुबी. दोरी फक्त बांबू उसळू नये म्हणून. मी सुतळी म्हणत होते, नातवाने सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आणल्या, आणि त्या सुतळीपेक्षा सरस निघाल्या. ताणून बांधल्या की घट्ट बसतात आणि हाताला टोचत नाहीत.

हे काही आमचं संशोधन नव्हे. डेव्हिड वर्नर यांचं खेड्यातल्या अपंग मुलांविषयीचं इंग्रजी पुस्तक १९८७ साली निघालं. मेक्सिकोतल्या एका डोंगरी गावात अपंग माणसांनीच चालवलेल्या प्रकल्पातून ते उभं राहिलं. त्यात खांब पुरून त्यांवर वासे बांधून चालण्याचा सराव करण्याची चित्रं आहेत. सातपुड्यातल्या आजोबांनी ते पुस्तक पाहिलेलं असणं शक्य नाही. पण बांबू आणि बेचकं दोन्हीकडे सारखंच वागतं.

बांबू निवडण्याचं मात्र एक शास्त्र आहे. मानवेल घ्यावा. तो जवळजवळ भरीव असतो, पोकळ जातीसारखा दाबाने चेपत नाही. तीन वर्षांच्या आतला कोवळा नको. पावसाळ्यात तोडलेला नको. हिवाळ्यात तोडलेला, त्यातलं पिठूळ सत्त्व कमी असतं, म्हणून भुंगा कमी लागतो. तोडल्यावर काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत याचसाठी आहे. चुलीच्या वर माळ्यावर धुरात पडलेला जुना बांबू मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्याच्या गाठी तासून घ्या, कारण गाठीच्या कडेची कूस हातात शिरली तर बारीक सुरीसारखी कापते. खिळा ठोकू नका, बांबू उभा फाटतो. भोक हवंच असेल तर गिरमिटाने पाडा. रानातला बांबू आणताना ग्रामसभेला विचारून आणा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला आहे. स्वतःच्या बांधावरचा असेल तर प्रश्नच नाही.

दोन टेकूंमधलं अंतरही बघायला हवं. अंतर दुप्पट केलं तर त्याच वजनाला दांडा दुप्पट नाही, आठपट झोल खातो. म्हणून चार फुटांपेक्षा लांब दांडा असेल तर मधे एक टेकू द्याच.

आणि उंची? पुस्तकांत बॅलेच्या दांड्याची उंची ४० ते ४२ इंच दिलेली असते. ती उंच्यापुऱ्या नर्तकांची. आपल्याकडची बाई पाच फुटांची असेल तर त्या उंचीवर हात ठेवताना तिचा खांदा वर उचलला जाईल आणि आठवड्यात मान धरेल. सरळ उभं राहा, हात दांड्यावर ठेवा. खांदे खाली, कोपर किंचित वाकलेलं, ही उंची बरोबर. आधार घेऊन चालायचं असेल तर दांडा आणखी खाली हवा, हात सरळ सोडल्यावर मनगट येतं तिथं, म्हणजे तळहातावर जोर देता येतो. आणि चालण्याच्या दोन दांड्यांमधली रुंदी कमरेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं मोकळी राहतील इतकीच. जास्त रुंद केली तर माणूस फाकलेल्या हातांनी लोंबत चालतो.

दांडा झाला, आता त्यावर करायचं काय? फार काही नाही. टाचा उचलून चवड्यावर उभं राहणं, गुडघे थोडे वाकवून पुन्हा ताठ होणं, एक पाय बाजूला नेऊन परत आणणं. दहा-दहा वेळा. न्यूझीलंडमधल्या ओटॅगो विद्यापीठात वृद्धांसाठी घरच्या घरी करायच्या अशाच व्यायामांचा कार्यक्रम तयार झाला. त्याच्या चाचण्यांत पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. त्या कार्यक्रमाची एक गोष्ट मला फार पटते. आधी दोन्ही हातांनी धरा, मग एका हाताने, मग बोटं टेकवून, आणि शेवटी न धरता. म्हणजे आमच्या सगळ्या खटाटोपाचा हेतू हा दांडा सुटावा हाच आहे. पण तो घाईने सोडायचा नाही.

आपल्या जिल्ह्यासाठी एक खास सूचना. नंदुरबारमध्ये सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात कधीकधी खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तरुण वयातच माणूस लंगडू लागतो. अशा मुलामुलींनी मोबाइलवर बघून खोल बैठका किंवा उड्या मुळीच मारू नयेत. आधी खुब्याचा एक्स-रे, मग डॉक्टर सांगतील तेवढाच व्यायाम. दमछाक होईपर्यंत नाही. पाणी भरपूर प्यायचं, आणि अंगात दुखण्याची कळ असेल त्या दिवशी सुट्टी.

पायाखालची जमीनही विसरू नका. सारवलेली जमीन अनवाणी पायाला फार चांगली, पण सारवण ओलं असताना नको. गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून उभं राहणं म्हणजे आपणहून पडणं.

त्या आजींबद्दल तुम्हाला कुतूहल असेल. पहिले आठ दिवस त्या दोन बांबूंमध्ये नुसत्या उभ्या राहायच्या, आजोबा पुढे आणि नातू मागे. तिसऱ्या आठवड्यात पाऊल पडलं. आता त्या काठी घेऊन अंगणात येतात, डावा हात अजून पुरता वळत नाही. मधल्या काळात त्या दांड्यांवर घोंगड्या वाळत पडायच्या, पोरं लोंबकळायची. त्यावरून मी बोलले, तेव्हा आजोबा म्हणाले, "पोरं लोंबकळतात तोवर मला कळतं, बांबू अजून पक्का आहे." मला हे मान्य करावं लागलं. तरी पावसाळा संपला की बेचकी, पट्ट्या आणि जमिनीलगतचा खांब हाताने हलवून बघा. खांब जमिनीच्या पातळीवरच आधी कुजतो, वरून तो धडधाकट दिसत असतो. सुरीचं टोक तिथं सहज रुतलं तर त्याच दिवशी खांब बदलायचा.